बोरकिनीकरांची सबब

सेलूच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या बोरकिनीकर सरांकडे एके दिवशी पातळ दूध आले. सरांनी पातेल्यात बोट बुडवले, बोटावरून दूध ओघळताना पाहिले आणि गवळ्याला विचारले, "सबब?"

गवळ्याने म्हशीचे वय सांगितले. मग सरकीची ढेप निकृष्ट असल्याचे सांगितले. मग गळ्यातल्या माळेला हात लावला. सर उंबऱ्यात उभे राहून प्रत्येक मुद्दा ऐकत होते आणि नकारार्थी मान हलवत होते. शेवटी गवळी थकला.

"पाणी घातलंय, सर."

"मग तसं सांग की," सर म्हणाले आणि पातेले घेऊन आत गेले.

गवळी बदलला नाही. दूधही बदलले नाही. सरांना कारण पाहिजे होते, ते मिळाले. त्यावर पुढे काही करावे असा त्यांचा आग्रह नसे.

सरांचे शिक्षण निजामाच्या राज्यात, पोलीस ॲक्शनपर्यंत उर्दूतून झाले होते. नंतर राज्य बदलले, भाषा बदलली, पण काही शब्द त्यांच्या तोंडात राहून गेले. प्रयोगाला ते तजुर्बा म्हणत, लोहचुंबकाला मकनातीस म्हणत आणि कारणाला सबब म्हणत. उर्दूत सबब म्हणजे कारणच. अडचण एवढीच होती की सेलूत सबब म्हणजे काम टाळण्याचे निमित्त. वर्गात उशिरा आलेल्या पोराला सर विचारत, "सबब?" पोरगा लगेच एखादी आजी मारून टाकत असे.

"ही सबब नाही, ही घटना आहे," सर म्हणत. "आजी वारल्या, समजलं. त्यानं तुला उशीर कसा झाला ते सांग. रस्त्यात आडव्या होत्या का?"

कॉलेजच्या कार्यालयात तिसराच अर्थ चालू होता. तिथे सबब म्हणजे 'म्हणून'. 'सबब, आपणांस कळविण्यात येते की' या चालीवर सगळा कारभार. सरांनी एकदा अर्ज दिला: 'प्रयोगशाळेच्या नळास पाणी येत नाही. सबब कळवावी.' प्राचार्यांनी हा टोमणा समजून अर्ज बाजूला ठेवला. हेडक्लार्कने वाक्य अर्धवट राहिले आहे असे समजून त्यावर शेरा मारला, 'सबब काय कळवावे?' आणि अर्ज परत पाठवला. सर तो शेरा सगळ्यांना दाखवत हिंडले. कार्यालयात प्रथमच कुणी मुद्द्याचा प्रश्न विचारला होता, असे त्यांचे मत पडले.

नळाला पाणी आले नाही ते नाहीच. पुढे जे घडले ते त्या कोरड्या नळापासून सुरू होते.

मी सरांचा शेजारी. दोघांच्या ओट्यांमध्ये कमरेएवढी भिंत होती. एका दैनिकासाठी तालुक्याच्या बातम्या पाठवणे हे माझे काम होते, त्यामुळे सर मला बातम्यांचीही सबब विचारत. खाली दिलेली माहिती बहुतेक त्या भिंतीवरून मिळालेली आहे.

पन्नाशीच्या उंबऱ्यावर सरांनी पीएच.डी.ला नाव घातले. कॉलेजात ज्यांनी ती केली होती त्यांना नावाच्या मागे लावायला ती हवी होती. सरांना ती का हवी होती, हे त्यांनीच एकदा सांगितले. पंचवीस वर्षे ते दुसऱ्यांनी शोधलेल्या सबबी शिकवत आले होते. एक तरी आपली असावी.

विषय होता ऑक्साइडचे पातळ थर, इंग्रजीत फिल्म. सायकल स्टँडलगतच्या खोलीत त्यांनी एक भट्टी बसवली. भट्टीवर काचपट्टी तापवायची आणि तिच्यावर जस्ताच्या क्षाराचे पाणी बारीक तुषारांनी फवारायचे. पाणी उडून जाते, मागे जस्ताच्या ऑक्साइडचा थर राहतो. तो इतका पातळ असतो की थर दिसत नाही, त्यावरचे रंग तेवढे दिसतात, डबक्यावर रॉकेल सांडल्यावर दिसतात तसे. हा थर अर्धवाहक असतो. वीज धड वाहू देत नाही, धड अडवतही नाही. हे समजावताना सर संस्थाचालकांचे उदाहरण देत आणि मुलांना ते लगेच समजे.

सर दिवसभर फवारणी करतात ही बातमी गावात पसरली. कापसाचा मुलूख. एका विद्यार्थ्याचे वडील मुद्दाम येऊन विचारून गेले की हे औषध बोंडअळीला चालेल का. सरांनी त्यांना बसवून सगळा तजुर्बा दाखवला. ते शेवटी म्हणाले, "काचंला कीड लागत न्हाई सर, मग कामून फवारायलात?" सरांना हा प्रश्नही आवडला.

काचपट्टी अतिशय स्वच्छ असावी लागते. कॉलेजात पाणी नव्हते. त्यामुळे सर काचपट्ट्या डब्यात घालून सायकलवरून घरी आणत आणि त्यांच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या काकू, त्या आडाच्या पाण्याने धुऊन देत.

काकू वालूरच्या. शाळा चौथीपर्यंत. सरांच्या पुस्तकांना त्या हात लावत नसत आणि सरांचे बोलणे अर्धे उर्दू, अर्धे इंग्रजी असल्याने त्याकडेही फारसे लक्ष देत नसत. पण काचपट्ट्या घरात आल्यापासून चित्र बदलले. सरांनी त्यांना एकच नियम सांगितला होता: साबण लावायचा नाही, साबणाचा थर राहतो. काकूंनी तो नियम सोवळ्यासारखा पाळला. शेजारच्या बायका हाक मारायला आल्या की त्या आतून सांगत, "आत्ता न्हाई जमायचं. आमच्या पीएचडीच्या काचा घासायलेय." आमच्या हा शब्द त्या सहज वापरत. मूलबाळ नव्हते. संध्याकाळी धुतलेल्या काचपट्ट्या सुपात उभ्या करून त्या वाळवत आणि सर घरी आले की विचारत, "आज आपली किती झाली?"

आणि काचपट्ट्या खरोखर स्वच्छ निघत. सरांचे मार्गदर्शक औरंगाबादला विद्यापीठात होते. ते वयाने सरांपेक्षा लहान, एके काळचे त्यांचे विद्यार्थी. त्यामुळे दोघेही एकमेकांना सर म्हणत आणि पत्रव्यवहारात कोण कुणाला मार्गदर्शन करतो आहे हे तिऱ्हाइताला समजत नसे. ते म्हणाले की इतकी लखलखीत काच आमच्या विभागातही नाही.

मग ती गोष्ट घडली. टुरिंग टॉकीजच्या मोडक्या कर्ण्यातून काढलेला एक मोठा लोहचुंबक सरांच्या खोलीत होता. फवारणीनंतर निवायला म्हणून रेशमाच्या दोऱ्याने टांगलेली एक काचपट्टी सावकाश वळली आणि त्याच्याकडे तोंड करून थांबली.

काच लोहचुंबकाकडे ओढली जात नाही. जस्तही नाही, जस्ताचे ऑक्साइडही नाही. सरांनी दुसरी टांगली. तीही वळली. सर बाहेर आले आणि सायकल स्टँडवर उभ्या असलेल्या शिपायाला म्हणाले, "थरात मकनातीसपणा आलाय." शिपायाने दिवसभर ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. त्याला तो रोग वाटला.

आता सरांच्या आयुष्यात एकच प्रश्न उरला. चुंबकत्व कुठून आले?

पहिला संशय लोखंडी चिमट्यावर. सरांनी बुरुडाकडून बांबूचे चिमटे करून घेतले. बुरुडाने विचारले की एवढ्या नाजूक चिमट्याने काय खाता. थर वळतच राहिला. मग पाण्यावर संशय. सरांनी मोटारीच्या बॅटरीत घालतात ते पाणी आणले. थर वळला. फवाऱ्याची पितळी तोटी काढून काचेची बसवली. वळला. धूळ अडवायला खिडक्यांना भिजवलेले धोतर लावले. शिपायाने किल्ल्यांचा जुडगा बाहेर ठेवूनच आत यायचे, असा नियम झाला. शिपाई म्हणाला, "सबब?" त्या आठवड्यात तो एकटाच सरांच्या मर्जीत होता.

संशयित संपले, तेव्हा सरांना मानावे लागले की हा गुण थराचा स्वतःचा असावा. तसे असेल तर ती साधी गोष्ट नव्हती. विद्यापीठातल्या एका चर्चासत्रात त्यांनी काचपट्टी टांगून दाखवली. ती वळली. टाळ्या झाल्या. मार्गदर्शकांनी प्रबंधाचा पाचवा भाग ठरवून टाकला: थरातील चुंबकत्वाचा उगम. भागाला मथळा होता, मजकूर नव्हता. सर म्हणाले, "उगम सापडला की लिहितो."

विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न तेव्हा जिल्ह्यात पेटलेला होता. पेटलेला हा शब्द वार्ताहर सवयीने वापरतात. काही गावांत तो शब्दशः खरा होता. स्टाफरूममध्ये एका प्राध्यापकांनी विचारले की नावात काय आहे, नाव बदलून शिक्षण सुधारणार आहे का. सरांनी पेपर खाली ठेवला. "नावात काही नसेल तर बदलू द्या. नावात काही असेल, तर ते मागणाऱ्यांचं बरोबर आहे. विरोधाची सबब दोन्हीकडून निघत नाही. मी तपासून पाहिलं." समोरच्याला वाटले, आपण निमित्त सांगतो आहोत असे सर म्हणाले. या वेळी शब्दाचा गावातला अर्थही चपखल बसला होता. त्यानंतर दोघातिघांनी सरांबरोबर चहा घेणे सोडले. चहा आता गरम मिळतो, एवढीच नोंद सरांनी माझ्याकडे केली.

विद्यापीठ वरचेवर बंद राही. गावात विचारत, "आधी नामांतर का आधी बोरकिनीकर?" प्रश्न थट्टेचा होता, पण वर्षे खरीच जात होती.

अशात काकूंची आई आजारी पडली आणि काकू वालूरला गेल्या. सरांनी स्वतःच्या हाताने काचपट्ट्या धुतल्या, साबण न लावता, नुसत्या पाण्याने. फवारणी केली. काचपट्टी टांगली.

ती वळली नाही.

सरांनी विजेच्या दाबावर संशय घेतला, हवेतल्या दमटपणावर घेतला. काकू परत आल्या. काचपट्ट्या वळू लागल्या. आईला पुन्हा जास्त झाले, काकू पुन्हा गेल्या. चुंबकत्व गेले. एके दुपारी सर भिंतीशी आले. चेहरा कोऱ्या कागदासारखा.

"उगम सापडला," ते म्हणाले.

"कुठं?"

"एस.टी.नं वालूरला जायलाय अन् परत यायलाय."

मला हसू आले. सरांना आले नाही. शास्त्राच्या दृष्टीने परिस्थिती अवघड होती. बायको घरात असली की थर ओढला जातो, माहेरी गेली की ओढ जाते. हे कवीने लिहिले तर ठीक. प्रबंधात चालत नाही.

काकू आल्यावर सर मागच्या दारी जाऊन उभे राहिले. काकू आडाजवळ पाटावर बसल्या होत्या. त्यांनी चाहूल ओळखली आणि न वळताच म्हणाल्या, "साबण न्हाई लावत हो. बगा वाटल्यास."

"ते बघतोय. काही न लावता एवढ्या चकचकीत कशा निघतात?"

काकूंना इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्या खुलल्या. त्यांनी बाजूचा पत्र्याचा डबा पुढे केला. आत पिठासारखी काळी माती होती. "दुधनेच्या काठची. पाट्यावर वाटते अन् वस्त्रगाळ करते. साबणानं थर राहतो म्हनलात, मातीनं कसा राहील? माती वाहूनच जाते की." ओली बोटे मातीत बुडवून त्यांनी काचपट्टी घेतली आणि अंगठ्याने गोल गोल घासू लागल्या. "कंदिलाची काच राखंनं घासते, पर राख भरड पडते. तुमच्या कामाला बारीक पायजे. हा अंगठा बगा, रेषाच गेल्या."

सरांनी अंगठा पाहिला.

"लय छान निघतात," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सर एका पुडीत ती माती घेऊन माझ्या ओट्यावर आले. त्यांनी माती कागदावर पसरली आणि खालून लोहचुंबक धरला. काळी रेव मिशीसारखी ताठ उभी राहिली. लोहचुंबक जिकडे नेला तिकडे मिशी गेली. आमच्या भागातल्या काळ्या मातीत लोखंडाची रेव असते, हा शोध इथल्या प्रत्येक पोराने लोहचुंबक सुतळीला बांधून रस्त्याने ओढताना लावलेला असतो. सरांनीही लहानपणी लावला असणार. घासताना काचेला दिसणार नाहीत असे ओरखडे पडत होते आणि ओरखड्यांत ती रेव बसत होती. तिच्यावर जस्ताचा थर चढत होता. थर निष्पाप होता.

सर बराच वेळ कागदाखालून लोहचुंबक फिरवत राहिले.

"काकूंना सांगितलं?" मी विचारले.

"नाही."

"सबब?"

सरांनी कागदाची घडी घातली, माती पुन्हा पुडीत ओतली आणि ते घरी गेले.

पुढच्या महिन्यात मार्गदर्शक परीक्षेच्या कामाने सेलूला आले. सरांच्या ओट्यावर बसून दोघांचे बोलणे झाले. काकू देवळात गेल्या होत्या. मी भिंतीपलीकडे होतो आणि आवाज लपवण्याची कुणी काळजी घेतली नाही.

"त्यात काय एवढं, सर," मार्गदर्शक म्हणाले. "उगम अनिश्चित असं लिहा. कोण येतंय तपासायला?"

"उगम निश्चित आहे. निश्चित असलेलं अनिश्चित कसं लिहू?"

"मग खरं लिहा. धुण्यातला दोष. घरी माती वापरून घासल्यामुळं लोखंडाचा अंश. एक परिच्छेद टाका अन् पुढं चला. उलट परीक्षक खूश होतील."

"तो परिच्छेद मला जमत नाही."

"जमत नाही म्हणजे? दोन ओळींचं काम."

"प्रबंध घरात येणार. ती कुणाकडून तरी वाचून घेणार. तिचं काम कुठं आलंय ते विचारणार. अन् तिचं काम त्या दोन ओळींत असणार, दोष म्हणून."

मार्गदर्शक म्हणाले, "मग तिसरा मार्ग काय आहे? सगळ्या काचा बाद होतात. सगळी मापं बाद होतात. पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. तुमची निवृत्ती जवळ आलीय, सर."

"जवळ आलीय," सरांनी मान्य केले.

त्यांनी पहिल्यापासून केले. पाचवा भाग काढून टाकला. नव्या काचपट्ट्या आणल्या, त्या कॉलेजातच ठेवल्या आणि विकतच्या पाण्याने, तेजाबाने स्वतः धुतल्या. प्रबंधात उरले ते थराची पारदर्शकता आणि विजेला होणारा अडथळा. त्यावर आधीच बऱ्याच जणांनी लिहिलेले होते. चर्चासत्रात टाळ्या वाजवणाऱ्यांनी चौकशी करणे सोडले. कॉलेजात कुजबुज झाली की बोरकिनीकरांचा शोध फुसका निघाला. सर कुणालाही काही सांगत नव्हते. कारण विचारत हिंडणारा माणूस कारण विचारल्यावर छपराकडे पाहू लागला, हे गावाने पाहिले आणि आपापल्या परीने अर्थ लावला.

घरी त्यांनी काकूंना एवढेच सांगितले की सगळे पुन्हा करायला लागणार. काकू म्हणाल्या, "मग मी बी पुन्हा घासते." त्यांनी जास्तच घासल्या. सर रोज त्यांनी धुतलेल्या काचपट्ट्या डब्यात घालून, डबा पिशवीत घालून, पिशवी छातीशी धरून, सायकल एका हाताने ढकलत कॉलेजात नेत. तिथे त्या जीवशास्त्र विभागाला देत. कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी सेलूच्या मुलांना त्या वर्षांत जितक्या स्वच्छ काचपट्ट्या मिळाल्या, तितक्या जिल्ह्यात कुठे मिळाल्या नसतील. जीवशास्त्राच्या बाईंनी एकदा आभार मानायला घरी येण्याची इच्छा दाखवली. सरांनी त्यांना तीन वेळा वेगवेगळ्या निमित्तांनी परतवले.

प्रबंध झाला, तेव्हा सरांच्या निवृत्तीला थोडे दिवस राहिले होते. नामांतर आणि बोरकिनीकर एकाच हिवाळ्यात आटोपले, त्यामुळे गावातला वाद अनिर्णित राहिला.

तोंडी परीक्षेला औरंगाबादला मीही गेलो. काकू आल्या होत्या. ठेवणीतले लुगडे, मांडीवर पिशवी, पिशवीत पेढे. त्यांना दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बसवले. परीक्षा इंग्रजीत चालू होती. काकू सरांच्या तोंडाकडे पाहत होत्या आणि फळ्यावर आकृती आली की मान डोलावत होत्या.

बाहेरचे परीक्षक हैदराबादचे होते, वृद्ध, पांढरी शेरवानी. सरांच्या इंग्रजीतला उर्दू ढंग त्यांनी ओळखला आणि ते मोकळे झाले. प्रबंधाची पाने चाळत त्यांनी विचारले, "बोरकिनीकर साहब, आपने कभी दिखाया था के फिल्म में मकनातीसियत है. मैं उस रोज हाजिर था, ताली भी बजाई थी. किताब में उसका जिक्र तक नहीं. सबब?"

सरांच्या तोंडून कानावर पडून पडून ही भाषा काकूंना कळत होती. त्या पुढे सरकून बसल्या.

सरांना इतक्या वर्षांत प्रथमच त्यांचा प्रश्न त्यांच्याच उर्दूत, त्यांच्या अर्थाने विचारला गेला होता. मार्गदर्शकांनी टेबलावरच्या पेल्यावर झाकण ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. सरांनी खडू खाली ठेवला. दाराकडे पाहिले नाही.

"मेरे हाथ साफ नहीं थे, जनाब," ते म्हणाले. "मैल मेरे हाथ का था. फिल्म में कुछ नहीं था."

हे उत्तर खोटे होते. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी शास्त्राविषयी केलेले माझ्या माहितीतले हे एकमेव खोटे विधान.

परीक्षकांनी चष्मा काढला आणि ते मनापासून हसले. "साबुन नहीं मिलता परभणी में?"

सगळे हसले. सरही थोडे हसले. पदवीची शिफारस झाली, पेढे वाटले गेले.

परतीच्या एस.टी.त काकू जालन्यापर्यंत तोंड फिरवून बसल्या होत्या. अभिनंदन करणाऱ्या ओळखीच्या एका प्रवाशाकडे पाहूनही त्यांनी नुसती मान हलवली. सर खिडकीतून बाहेर पाहत होते. जालन्याच्या स्टँडवर गाडी थांबली. काकू उठल्या, समोरच्या टपरीवरून साबणाची वडी घेतली आणि सरांना म्हणाल्या, "उतरा खाली."

स्टँडच्या नळावर गर्दी होती. काकूंनी ती बाजूला सारली. "हं. धुवा."

"आत्ता?"

"आत्ताच. त्या म्हाताऱ्यानं चारचौघांत आपल्याला हसून घेतलं, ते कशापायी? तुमच्या हातापायी. मी तिकडं बसून काचा घासायले, अंगठा झिजवायले, अन् तुमी घाण हात लावून ठिवायले त्यांला. बारा वर्षाच्या पोराला कळतं. बोटाच्या बेचक्यात चोळा. नखं बगा ती. शाई हाय का काय हाय?"

"खडू आहे."

"खडू बी घाणच."

डॉक्टर बोरकिनीकर नळाखाली वाकून बोटांच्या बेचक्यांत साबण चोळत होते. रांगेतले लोक हसत होते. कंडक्टरने घंटी मारली. काकूंनी त्याला हाताने थांबवले. मग आवाज एकदम उतरवून त्यांनी विचारले, "माझ्या काचांला तर काई म्हनला न्हाई ना तो?"

"काचांचं नाव निघालं नाही," सर म्हणाले. "काचा साफ होत्या."

त्यांनी दोन्ही हात वर करून काकूंपुढे धरले. काकूंनी ते उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले, कोपरापर्यंत पाहिले.

"अजून एकदा," त्या म्हणाल्या. सर पुन्हा नळाखाली वाकले.